ठमाबाईची किळस

ठमाबाईला किळस म्हणून कशाची येत नसे. सिरोंच्यातल्या दवाखान्यात चाळीस वर्षं तिनं बाळंतपणं केली. रक्त, पू, वार, ओकाऱ्या, सगळ्यात कोपरापर्यंत हात घातले, साबणानं धुतले आणि त्याच हातांनी भाकर मोडून खाल्ली. नव्या नर्सबाया नाकाला पदर लावायच्या तेव्हा ती म्हणायची, पोरीहो, तुम्हीबी अशाच आल्या, काही न्हाऊन-धुऊन नाई आल्या.

त्या ठमाबाईला अडुसष्टाव्या वर्षी किळस आली, आणि तीही मोबाइलमधल्या एका फोटोची. मंडळीचा, म्हणजे त्यांच्या चर्चच्या लोकांचा ग्रुप होता. त्यावर कोणीतरी झाडाला लटकलेलं माकड टाकलं होतं आणि माकडाच्या धडावर तिच्या थोरल्या भावाचं, हरिदास मास्तरांचं, डोकं चिकटवलं होतं. खाली लिहिलं होतं, आमचे संडे स्कूलचे गुरुजी. त्याखाली छत्तीस जणांची हसरी तोंडं. फोटो पाहिल्याबरोबर काय झालं ते ठमानं कोणालाच सांगितलं नाही. मोबाइल तेवढा पालथा घालून ती अंगणात जाऊन उभी राहिली.

वाद होता जुनाच. मास्तर शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले, आणि दर रविवारी चर्चच्या लेकरांना शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, गोष्टी सांगण्याचं कामही पंचवीस वर्षं त्यांच्याचकडे. ठमाचा नवरा येसय्या गोदावरीत जाळं टाकणारा, मंडळीतला सगळ्यांत जुना वडील, म्हणजे ज्याच्या सहीशिवाय कारभार हलत नाही असा माणूस. जग देवानं केलं यावर दोघांचं एकमत. किती दिवसांत केलं, इथं मात्र तीस वर्षं जुंपलेली. येसय्या म्हणे, सहा दिवस, सूर्य उगवतो-मावळतो तसे मोजून सहा. मास्तर म्हणत, कोट्यवधी वर्षं लागली असतील, देवाला कुठली बस पकडायची होती? दर रविवारी जेवणं झाली की ठमाच्या ओसरीवर हे सुरू. नियम एकच, ज्याचा आवाज चढेल त्यानं उठून चहा मांडायचा. तीस वर्षांत येसय्याचा चहा फर्मास होऊ लागला होता.

ठमाचा कपडे धुवायचा दगडसुद्धा त्यांनी सोडला नव्हता. मास्तरांनी एकदा त्यावरची वर्तुळं दाखवून सांगितलं, हे लाकूड आहे, दगड झालेलं, माणूस नव्हता तेव्हाचं. येसय्यानं वाकून पाहिलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, लाकूडच आहे, पण नोहाच्या पुरात वाहून आलेलं. दोघं त्या दगडाभोवती उकिडवे बसून दुपारभर बोलत राहिले आणि ठमाचे कपडे बादलीत वास मारू लागले. शेवटी तिनं दोघांनाही हाकलून लावलं.

तर हिवाळ्यात मास्तर संडे स्कूलच्या लेकरांना वडधमच्या डोंगराकडे घेऊन गेले, तिथली दगड झालेली हाडं दाखवायला. तिथं त्यांनी सांगितलं की अभ्यास करणारे लोक ही हाडं कोट्यवधी वर्षांची मानतात आणि मलाही तसंच वाटते. पण तुमचे येसय्या आजोबा तसं मानत नाहीत, ते पूर मानतात, त्यांनाही जाऊन विचारा. करणारा एकच आहे, त्यावर आमचं भांडण नाही. लेकरं ती लेकरं. घरी जाऊन त्यांनी हाडं तेवढी सांगितली.

त्यातली एक पोरगी दिनेशची. दिनेशचं मोबाइलचं दुकान, मंडळीचा ग्रुपही तोच चालवायचा. पोरीचं अर्धं ऐकून त्यानं तो फोटो बनवला. मग काय, मास्तरांचे नागपूर-पुण्याला गेलेले जुने विद्यार्थी मास्तरांची बाजू घ्यायला धावले. बाजू कसली डोंबलाची! मासे पकडणाऱ्याला हाडांतलं काय कळते, अडाणी म्हाताऱ्याच्या हातात मंडळी दिली की असंच होणार, असं त्यांनी येसय्याबद्दल लिहिलं. म्हणजे एकानं ओकावं आणि दुसऱ्यानं ते पुसायच्या बहाण्यानं त्यावर पुन्हा ओकावं. वर प्रत्येकाच्या शेवटी जोडलेले हात आणि प्रभू आशीर्वाद देवो. ठमा चष्मा लावून एकेक वाचायची. शी! आशीर्वादाची तिला जास्त शिसारी आली.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर मीटिंग ठरली. मास्तरांकडून लेकरं काढून घ्यायची, ठराव लिहून तयार, त्यावर येसय्याची सही तेवढी बाकी. येसय्या आठ दिवस तोंडातून शब्द काढीना. नदीवर जायचा, यायचा, जाळ्याची भोकं विणत बसायचा. मास्तरही ओसरीवर फिरकले नाहीत. ठमाचे आईबाप केव्हाच गेलेले, माहेर म्हणून तिला हा एक भाऊ. नवऱ्यानं सही केली की भाऊ तिच्या घरचं पाणी पिणार नाही, हे तिला समजत होतं. कुरकुर न करता तो आपला यायचाच बंद होईल. असा होता तो.

रविवारी चर्चमध्ये सगळे बसले. पाळक नवा, तरणा. प्रार्थनेनं सुरुवात करू म्हणाला आणि डोळे मिटून इतकी लांबण लावली की त्याला ते उघडायचेच नव्हते असं ठमाला वाटलं. मग दिनेश उठला. आमच्या लेकरांच्या विश्वासाचा प्रश्न आहे, मास्तरांबद्दल मनात काही नाही, फार आदर आहे, असं तो गोड आवाजात बोलला. आदर हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला आणि ठमा उठून उभी राहिली. तिला बोलायचं नव्हतं, पण बसवेना.

"दिनेश," ती म्हणाली, "तुह्या मायले दिवस गेले तवा मीच तपासलं होतं. दिवस गेले असंच म्हणतो ना आपण? मंग किती गेले होते, सांग. एक?"

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"नऊ महिने, अन् वर अकरा रोज. तुह्याएवढं पोट्टं घडवाले देवाले इतका टाइम लागला, अन् त्याले आपण दिवसच म्हणतो. मंग जगाले किती लागला, ते माह्या भावाच्या डोक्याखाली माकड चिपकवून काऊन मोजून राह्यला?"

चर्च हसून फुटलं. बाकं थोपटली गेली. दिनेश लाल झाला, त्यानं मान खाली घातली. ठमानं तोंडं पाहिली, एकेक. हेच ते छत्तीस. त्या दिवशी मास्तरांवर हसले होते, आज दिनेशवर हसत होते, दात तेच. आपणच त्यांना नवं माकड दिलं, हे तिच्या ध्यानात आलं आणि ती खाली बसली.

तेव्हा मास्तर उठले. हात वर करून त्यांनी हसणं थांबवलं. ते दिनेशवर हसू नका म्हणाले, पोरीची काळजी बापाला असतेच. मग बहिणीकडे वळले.

"ठमा, हे आपल्या मराठीतलं बोलणं झालं. शास्त्र काही मराठीत नव्हतं लिहिलं. एवढ्यानं भाऊजीचं म्हणणं खोटं नाई पडत."

आता सगळ्यांच्या माना येसय्याकडे.  तो बाकाला धरून उठला.

"मी सहा दिवस मानतो. मरेपर्यंत मानीन. मास्तर चुकून राह्यला असंच मले वाटते," तो म्हणाला. "पण त्यानं लेकरांसमोर माह्यं नाव घेऊन माह्यं म्हणणं पुरं सांगतलं. तुमच्यातल्या एकानं तरी त्याचं म्हणणं पुरं सांगतलं का?"

  येसय्यानं ठरावाचा कागद नीट घडी करून पाळकाच्या हातात दिला आणि सही करत नाई म्हणून खाली बसला. लेकरं मास्तरांकडेच राहिली.

मीटिंग मोडल्यावर जो तो ठमाकडे हात मिळवायला आला. बाई, काय बोलल्या! आमच्या मनातलंच बोलल्या! ज्यानं सगळ्यांत आधी हसरं तोंड टाकलं होतं, त्यानं तर दोन्ही हातांनी तिचा हात दाबला. हात गरम आणि ओले होते. तिनं सगळ्यांना जय ख्रिस्त म्हटलं, कारण चर्चच्या दारात दुसरं काय म्हणणार.

घरी आली ती थेट अंगणातल्या दगडापाशी बसली. साबण घेतला आणि कोपरापर्यंत हात घासू लागली, बोटांच्या बेचक्या, नखं, बाळंतपणाआधी घासायची तसे. ओसरीवर दोघा म्हाताऱ्यांचं आठ दिवसांचं तुंबलेलं सुरू झालं होतं. मास्तर पाणी प्यायला म्हणून अंगणात आले, तिला पाहून थांबले. काय धुते एवढं, त्यांनी विचारलं.

ठमानं वर पाहिलं नाही.

"दादा, तो फोटो पाहिला तवा पहिले मले हासू आलं होतं. किळस मांगून आली."

 मास्तर स्वतःचा कान चाचपत तिच्यासमोर उकिडवे बसले.

"हासणारे छत्तीस होते ना? तू धरली तं सदतीस," ते म्हणाले. "अन् मी अडतीस. कान माह्ये लय बरोबर बसले होते ना त्या माकडाले."

ठमाला हसू आलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला हात साबणाचे होते. मास्तरांनी लोटा उचलला आणि तिच्या हातांवर हळूहळू पाणी ओतलं. ओसरीवरून येसय्या पुराबद्दल काहीतरी मोठ्यानं ओरडला, मग आपणच गप्प झाला आणि चहा मांडायला आत गेला.