राख पडत असताना झाडायची नाही

शिझुनोसान एकोणतीस वर्षं जपानातल्या साकुराजिमा बेटावर, डोंगरासमोरच्या कठड्यापाशी पडणारी राख झाडते आहे. जगभरची माणसं ज्वालामुखी बघायला इथे चढून येतात, कठड्याला रेलून फोटो काढतात आणि उतरून जातात. पायाखालची जागा इतकी स्वच्छ कशी, असं कुणाच्या मनातही येत नाही. माझ्या मात्र रोज येतं, कारण शेजारीच माझी नूडल्सची टपरी आहे आणि तिच्या झाडूची धूळ आधी माझ्या रश्श्यात उतरते. आमची निम्मी मैत्री या भांडणावर उभी आहे.

नवरा गेल्यावर तिने एकटीने मुलाला, केंगोला वाढवलं आणि नवऱ्याची छोट्या संत्र्यांची बागही राखली. केंगो ओसाकात नोकरीला लागला, तो आठ वर्षं तिथलाच झाला. यंदा त्याने कळवलं की बाग सांभाळायला परत येतो, पण चिहारु हो म्हणाली तरच. चिहारुशी त्याचं लग्न ठरत होतं. ती निईगाताची, बर्फाच्या मुलखातली. ज्वालामुखी तिने टीव्हीवर पाहिला असेल तेवढाच. रविवारी ती बेटावर येणार होती.

आणि डोंगर महिनाभर गप्प होता. सगळं बेट बिनघोर कपडे बाहेर वाळत घालत होतं.

"नशीबवान आहेस," मी म्हटलं. "हा झोपलाय तोवर मुलीचा होकार घेऊन टाक."

"फसवून सून आणू?" शिझुनोसानने झाडूचा दांडा आपटला. "पहिल्याच राखेत बॅग भरून निघून गेली म्हणजे? त्यापेक्षा तिच्यासमोरच काय ते दाखव म्हणावं डोंगराला."

"आणि दाखवल्यावर निघून गेली तर?"

ती नुसती झाडत राहिली, तिथे राखेचा कणही नव्हता तरी.

रविवारी तिघं कठड्यापाशी आली. पाहुणीसाठी धुतलेली पांघरुणं माझ्या टपरीमागे वाळत होती, कारण शिझुनोसानच्या अंगणात ऊन उशिरा येतं. मुलगी शांत, नम्र. शिझुनोसान तर तिच्याशी इतकं अदबीने बोलत होती, की मला हसू दाबावं लागलं.

"हा डोंगर नेहमी असाच शांत असतो का?" चिहारुने विचारलं.

"जवळजवळ असाच," केंगो म्हणाला.

"खोटं बोलतोय," आई म्हणाली. "वर्षातून कितीतरी वेळा उडतो. छत्री राखेसाठीच घ्यावी लागते इथे."

केंगोने आईकडे असं पाहिलं, की मीच टपरीत शिरले. तेवढ्यात धाडकन आवाज झाला. माझ्या टपरीच्या काचा थरथरल्या आणि डोंगराच्या माथ्यावरून करडा लोट वर चढला. वारा आमच्याच बाजूचा होता. मग बेटावरचं माणूस जे करतं तेच आम्ही केलं, वाळत घातलेल्याकडे धावलो. मी धावले, शिझुनोसान धावली, केंगोही धावला. ओसाकात आठ वर्षं राहून पाय इथलेच राहिले त्याचे.

पांघरुणं छान वाचली. टपरीत ती छातीशी धरून आम्ही धापा टाकत उभे होतो, तेव्हा मीच विचारलं, "मुलगी कुठाय?"

शिझुनोसानचा चेहरा पांढराफटक पडला. "चादरी आणल्या ग मी," ती म्हणाली, "आणि माणूस बाहेर विसरले."

बाहेर राखेची रिपरिप लागली होती. कठड्याशी कुणी नाही. केंगो आसऱ्याच्या काँक्रीटच्या खोलीकडे पळाला, तीही रिकामी. गेली असणार, मला वाटलं, सरळ खाली बोटीकडे. आणि मग बाकांच्या पलीकडून खराट्याचा आवाज आला.

चिहारु डोक्याला रुमाल बांधून, अंगातला सगळा जोर लावून राख झाडत होती. मागे झाडलेल्या जागेवर पुन्हा राख बसत होती.

"अगं ए!" शिझुनोसान ओरडली. सकाळपासूनची अदब गेली कुठल्या कुठे. "राख पडत असताना झाडायची नसते! डोळ्यात जाईल, वेडे!"

केंगोने डोळेच मिटून घेतले.

चिहारु थांबली. "आमच्याकडे बर्फ पडत असतानाच उपसतात," ती म्हणाली. "थांबलं तर दार उघडत नाही. तुम्ही सगळे धावलात, मला वाटलं झाडू आणायला धावलात. हा इथेच पडला होता."

"भीती नाही वाटली?" शिझुनोसानने विचारलं.

"वाटली ना, अजून वाटतेय. हाताला काम असलं की बरं वाटतं." मग तिने खराटा नीट कठड्याला टेकवून ठेवला. "मग झाडायची कधी?"

"उद्या सकाळी. कोरडीच, पाणी न मारता. आणि राखेसाठीच्या पिवळ्या पिशव्यांत भरायची."

"मला उठवाल? आणि दुसरा खराटा लागेल."

शिझुनोसान होती तिथेच, राखेने भरलेल्या बाकावर बसली. तिचा जीव भांड्यात पडलेला मी समोर पाहिला. माझाही पडला, उगाच कशाला लपवू. केंगो रुमालाने चिहारुचे केस झटकत होता आणि झटकलेली राख पुन्हा तिच्याच खांद्यावर पडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या रश्श्यात दुप्पट धूळ आली. मी भांडायला न जाता पातेल्यावर झाकण ठेवलं.