शालूताईंनी मागून घेतलेलं बिल

फोन आला तेव्हा मी कोळणीसमोर बसून पाहुण्यांसाठी कोलंबी निवडत होते. "लवकर ये, ताई उठत नाहीयेत," एवढंच आमचे हे म्हणाले. घरी पोहोचले तेव्हा डॉक्टर पायऱ्या उतरत होते. शालूताई, माझ्या मोठ्या जाऊबाई, सकाळचा चहा घेऊन जरा पाठ टेकते म्हणाल्या आणि पुन्हा उठल्याच नाहीत. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. भेटायला आलेल्या प्रत्येकाने त्यांच्या सरळपणाच्या आठवणी सांगितल्या, मीही सांगितल्या. त्यातली एक मात्र मी सगळ्यांना अर्धीच सांगत आले... सात वर्षं.

नागावला आमचं सहा खोल्यांचं घरगुती लॉज आहे. बावीस वर्षं आम्ही दोघी मिळून ते चालवलं. स्वयंपाक आणि पाहुणे त्यांच्याकडे, कागदपत्रं माझ्याकडे, कारण मी बी.कॉम. झालेली. त्यांचं माहेर चौलचं, बोलणं तिकडचंच राहिलेलं. एरवी त्या पाहुण्यांशी अगदी पुस्तकी बोलायच्या, पण राग आला की 'हाय-न्हाय' सुरू व्हायचं. ते ऐकलं की घरातले सगळे आपापल्या कामाला लागायचे.

सात वर्षांपूर्वी आम्ही सगळ्या बाथरूम नव्याने केल्या. अलिबागच्या एका दुकानातून नळ आणि शॉवरचे सहा भारी संच आणले. बिल केलं ते अस्मिता नावाच्या मुलीने. नुकतीच कामाला लागलेली, दुकानात गर्दी, एकीकडे फोन, एकीकडे आम्ही. घरी आल्यावर मी बिल तपासायला बसले. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने खूण करत गेले आणि नळांच्या ओळीशी थांबले. संच सहा आणले होते, बिलात चारच लागले होते. बावीस हजारांहून जास्त फरक. मी त्या आकड्यापुढे छोटंसं प्रश्नचिन्ह काढलं आणि फाइल मिटली. उद्या फोन करू, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी कर्जाचा हप्ता होता. तिसऱ्या दिवशी वाटलं, त्यांना कळलं तर करतीलच की फोन. आठवड्याने यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "आपण थोडीच चोरलंय?" ते वाक्य मला फार बरं वाटलं. पण दुकानाच्या नंबरासारखा कुठलाही नंबर मोबाइलवर दिसला की मी तो उचलायचेच नाही.

एकविसाव्या दिवशी चार नंबरच्या खोलीतला नळ गळायला लागला. प्लंबरने गॅरंटीसाठी बिल मागितलं. मी वर चादरी बदलत होते, म्हणून ताईंनीच कपाटातून फाइल काढली. मी खाली आले तेव्हा त्या ओट्यापाशी चष्मा लावून उभ्या होत्या. प्लंबरला त्यांनी बाहेर चहा दिला, दार लोटलं आणि प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं.

"हे तुझं हाय ना?"

मी मान हलवली.

"किती दिस झाले?"

"एकवीस."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मीच मग भडाभडा बोलत सुटले. की त्यांचं केवढं मोठं दुकान आहे, त्यांना काय फरक पडतो, आजवर त्यांनी आपल्याला किती जास्त लावलं असेल कोण जाणे. ताईंनी फाइल बंद केली. "जास्त लावलं असतं तर तू तिथंच भांडली असतीस," म्हणाल्या आणि दुकानाला फोन लावून अस्मिता आहे का, असं विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, ती आता बिलावर नसते. माल मोजला तेव्हा काही वस्तू कमी भरल्या, संशय तिच्यावर आलाय. ताईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून विसरता येत नाही.

अर्ध्या तासात आम्ही रिक्षात होतो. पैसे त्यांनी कमरेच्या पिशवीत बांधून घेतले होते. तुम्ही जा, निदान मला तरी रिक्षातच बसू द्या, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. म्हटलं नाही. दुकानात शिरलो तर अस्मिता अगदी मागे, खिळे-स्क्रूच्या डब्यांपाशी उभी होती. आम्हाला बघून तिने मान खाली घातली. ताई सरळ शेठच्या टेबलाशी गेल्या, बिल समोर ठेवलं आणि सांगितलं की दोन संच आमच्याकडे जास्त आलेत, त्यांचं बिल करून द्या.

शेठने बिल पाहिलं, मग आम्हाला पाहिलं. "तीन आठवडे काय करत होतात?"

बोलायला हवं होतं मी, तोंडही उघडलं असावं... पण त्याआधी ताई म्हणाल्या, "बिल माझ्या कपाटात व्हतं. मी उघडलं न्हाय. चूक माझी."

शेठने पैशांसाठी हात पुढे केला. ताईंनी नोटा टेबलावर ठेवल्या, पण वरचा हात उचलला नाही. "आधी त्या पोरीला सांगा शेठ, सगळ्यांच्या म्होरं." दुकानातली माणसं बघायला लागली. शेठ चिडला होता. तरी मागे वळून म्हणाला, "अस्मिता, सामान मिळालं गं."

"मिळालं न्हाय," ताई म्हणाल्या. "ते हरवलंच नव्हतं. तसं सांगा."

शेठने नोटांवरच्या त्या हाताकडे पाहिलं. शेवटी शेठने तसं सांगितलं, शब्दाला शब्द. मग ताईंनी हात उचलला.

परतताना मी म्हटलं, "ताई, तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?" त्या बाहेर बघत म्हणाल्या, "एका घरात राहायचं हाय आपल्याला." त्यानंतर हा विषय त्यांनी कधीच काढला नाही. ती माया होती की शिक्षा, मला ठरवता आलेलं नाही. पुढे ही गोष्ट गावभर झाली, लोक ताईंचं कौतुक करायचे, "उशिरा का होईना, स्वतःहून गेल्या," म्हणायचे. तो उशीर माझा होता, आणि मी शेजारी उभी राहून हसायचे.

ताई गेल्यावर दहाव्या दिवशी अस्मिता भेटायला आली. आता तिचं चौलला स्वतःचं छोटं दुकान आहे. मी तिला ताईंच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि सांगून टाकलं की बिल मी पाहिलं होतं, पहिल्याच दिवशी. तिने हातातला चहाचा कप गुडघ्यावर टेकवला. मग सावकाश म्हणाली, "त्या तीन आठवड्यांत रोज सुटताना माझी पिशवी तपासायचे. फक्त माझी. बाबांना बोलावून दुकानात उभं केलं होतं. बाबा शेठच्या पाया पडले."

"ताईंना माहीत होतं?"

"मीच सांगितलं होतं, त्याच वर्षी दिवाळीला. त्या रडल्या. म्हणाल्या, हे आमच्या घरात कधी बोलू नकोस. एकीला झोप लागायची नाही."

एवढं बोलून ती थांबली. ती 'एक' कोण हे तिला आत्ता, माझ्याकडे बघताना कळलं. तिने कप खाली ठेवला, ताईंच्या फोटोला हात जोडले आणि मला न सांगता निघून गेली. मी तिला थांबवलं नाही. माफ कर म्हणायचा हक्क आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

ताईंची खोली आम्ही अजून कुणाला दिलेली नाही. त्यांची नऊवारी दांडीवर आहे, उशाला औषधांचा डबा आहे. दुपारी पाहुणे जेवून समुद्रावर गेले की त्या इथे येऊन अर्धा तास पडायच्या, दार सताड उघडं टाकून. मी समोरच्या खोलीत असायचे. त्यांना माझी चाहूल लागायची, मला त्यांची. आताही त्या वेळेला मी ते दार उघडून ठेवते आणि उंबऱ्याशी बसते. अस्मिता येऊन गेल्यापासून आत जाववत नाही.