बॉयलरची बदली

आमचे काका कापड रंगवायच्या कारखान्यात उभी हयात बॉयलरवर होते. कारखाना कधीच बंद पडला, आता तिथे कलाकेंद्र झालंय. भिंती पांढऱ्याफटक, फरशी चकाचक, आणि रंगाच्या हौदावर कुणीतरी मोडक्या खुर्च्या उलट्या टांगल्यात. का, ते विचारायचं नाही. बॉयलर मात्र जागच्या जागी आहे. त्याच्या तोंडात लाल दिवे लुकलुकतात, कुठूनतरी वाफेचा आवाज सोडलाय.

काकांना विसरायचा आजार जडला. ‘‘ओळखीच्या जागी फिरवून आणा,’’ डॉक्टर म्हणाले. त्यांचं काय जातंय सांगायला! काकूने त्यांना तिथे नेलं, आणि जो माणूस स्वतःच्या चपला ओळखत नव्हता, बायकोला ‘‘तुम्ही कोण?’’ विचारत होता, त्याने बॉयलर बरोबर ओळखला. समोरच्या बाकावर बसून दाबाच्या काट्याकडे बघता बघता ते खुलले. घरी आल्यावर चार घास जास्त जेवले. मग काकू त्यांना रोजच नेऊ लागली. तिच्याजवळ दुसरं औषध नव्हतंच.

पंचाईत व्हायची ती निघताना. चालू बॉयलर कुणी वाऱ्यावर सोडत नाही. बदलीचा माणूस येतो, काटा बघतो, पाण्याची काच बघतो, ‘‘घेतला’’ म्हणतो, मगच आधीचा उठतो. ही शिस्त काकांच्या हाडीमांसी खिळलेली. म्हणून संध्याकाळी मी जायचो आणि तोंड वर करून ‘‘घेतला’’ म्हणायचो. बरेच दिवस निभावलं.

एके दिवशी त्यांनी मला नेमकं ओळखलं. ‘‘तू माझा पुतण्या. तुला यातलं ओ की ठो कळत नाही. जा घरी!’’ ओळखायला मुहूर्त तरी बघा! तेवढ्यात पहारेकऱ्याने बंद करायची वेळ झाली म्हणून दिवे घालवले. काका किंचाळले, ‘‘आग गेली! माझ्या पाळीत आग गेली!’’ आणि लहान मुलासारखे रडू लागले. दिवे पुन्हा लागले तरी हुंदके थांबेनात. व्यवस्थापक बाई तशा भल्या होत्या. ‘‘आज शांतपणे निघाले तर ठीक,’’ त्या हळूच म्हणाल्या, ‘‘नाहीतर उद्यापासून नका आणू. आम्हालाही बघवत नाही.’’ त्यांच्यावर चिडावं, तर त्यांचं चुकत काहीच नव्हतं.

काकूने पदर खोचला आणि पुढे झाली. ‘‘मी बदलीवर आलेय.’’

काकांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. ‘‘बाईमाणूस? कारखान्याची पार रया गेली म्हणायची.’’

तिने काटा बघितला, काच बघितली. ‘‘घेतला.’’

काका उठले. सुटकेचा श्वास सोडून म्हणाले, ‘‘झडप चिकटते, लक्ष ठेवा. आणि पुढचा माणूस येईपर्यंत जागचं हलायचं नाही.’’

आम्ही दारापर्यंत आलो तशी काकू उठली. काकांनी मागे वळून दरडावलं, ‘‘बाई, बसा!’’ ती खाली बसली. तुम्ही जा, असं तिने मला नजरेनेच सांगितलं. मी तिला तिथे ठेवून निघालो. दुसरं काय करणार होतो?

वाटेत काकांची घाई चाललेली. ‘‘पाय उचल. काकू वाट बघत असेल. उशीर झाला की तिचा जीव थाऱ्यावर नसतो.’’ घराला कुलूप बघून ते गोंधळले. आत जाऊन स्वयंपाकघर बघितलं, न्हाणीघर बघितलं. ‘‘कुठे गेली ही?’’

थोड्या वेळाने काकू धापा टाकत आली. काका ताडकन उठले. ‘‘बाई, बॉयलर कुणाच्या हवाली केलात?’’

‘‘पुढच्या माणसाने घेतला,’’ ती म्हणाली.

‘‘मग ठीक. दमलात, बसा जरा. आमची ही येईल एवढ्यात, चहा करेल.’’

काकू पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेला टेकली, आणि आम्ही तिघंही काकूची वाट बघत बसलो.