सुईच्या आधीचा बिब्बा

सासूबाईंचा उजवा गुडघा सुजला की आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईकडून एकेक औषध निघायचं. निरगुडीचा पाला, एरंडाचं पान, गरम वाळूची पुरचुंडी, आणि कशानंच भागलं नाही तर बिब्बा. बिब्बा तापवून त्याच्या तेलाचे ठिपके गुडघ्यावर द्यायचे. कातडी भाजते, फोड येतो, आणि त्या आगीपुढं आतलं दुखणं थोडे दिवस जाणवत नाही. ह्यालाच आमच्याकडं गुण येणं म्हणत.

ही सत्तर सालानंतरची, बदनापूरची गोष्ट. मी शाळेत शिकवत होते, ह्यांची नोकरी जालन्याला. आमच्या गल्लीत विहार होतं. विहार म्हणजे पत्र्याची एक खोली, खाली शहाबादी फरशी आणि समोर बुद्धाची मूर्ती. धम्म घेतल्यानंतर गल्लीतल्या ज्या बायकांनी पहिल्यांदा वंदना पाठ केली, त्यांत सासूबाई होत्या. अक्षर ओळखत नव्हत्या, ऐकून ऐकूनच पाठ केली. तेव्हापासून वैशाखी पौर्णिमेला बायकांच्या पुढं बसून सासूबाईच वंदना सांगत, बाकीच्या मागून म्हणत. वंदनेला गुडघे टेकून बसायचं आणि तीनदा कपाळ जमिनीला लावून प्रणाम करायचा. त्या वर्षी ऊन तापायला लागलं आणि सासूबाईंचा गुडघा दुमडेनासा झाला.

शेजारीण त्यांच्याच वयाची, त्यांची जुनी मैत्रीण. दोघी दिवसभर एकमेकींना टोचून बोलत आणि एकमेकींशिवाय चहा घेत नसत. ती म्हणाली, "औंदा खुर्चीवर बसून म्हन की. कोन काय म्हन्तंय?"

"खुर्चीवर बसून हात जोडू?" सासूबाई म्हणाल्या. "जल्मभर दुसऱ्याच्या दारात जिमिनीवर बसले, बसावं लागलं म्हनून. हितं मी माझ्या मनानं बसते. हितं मला खुर्ची नको."

"मंग सूनबाईला सांगू दे. मास्तरीन हाय, तिला सगळं पाठ हाय."

"पाठ हाय. पन ती वंदना म्हनती का पोराह्यची हजेरी घेती, तेच कळत न्हाई."

मी भाकरी थापत होते. बोलण्यात खोट नव्हती. वाद घालण्यापेक्षा गुडघ्याचंच काहीतरी करावं हे बरं.

जालन्याच्या एका दवाखान्यात दर गुरुवारी औरंगाबादहून हाडांचे डॉक्टर येत. मी रजा टाकली आणि सासूबाईंना एसटीत बसवून घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, बोलायला मोकळे. त्यांनी गुडघ्याचा फोटो काढायला लावला, वाटी दाबून पाहिली, पाय वाकवून पाहिला. आतून बाजरी भरडल्यासारखा आवाज आला.

"झीज झाली आहे, आजी," ते म्हणाले. "आणि आत पाणी साठलंय. सुईनं पाणी काढून घेऊ आणि त्याच सुईतून सांध्यात औषध सोडू. चिरफाड नाही, मुक्काम नाही. संध्याकाळी घरी."

"मंग गुडघा नवा व्हतो?"

"नवा होत नाही. दुखणं कमी होईल, काही महिने बरे जातील. कायमचं नाही. आणि सारखं सारखं देता येत नाही."

मला हे आवडलं. जो कमी कबूल करतो, त्याचं ऐकायला हरकत नसते. पुढच्या गुरुवारी सुई द्यायची असं ठरलं.

घरी आल्यावर शेजारणीनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बया, गुडघ्यातलं पानी काढून घेनार? बैलगाडीच्या आखाचं वंगन काढल्यावर चाक फिरंल का? कुरकुर करून राह्यलं तं सगळ्या गल्लीला ऐकू येईल."

"आता काय कमी ऐकू येतंय?" सासूबाई म्हणाल्या. पण त्या विचारात पडल्या हे मला दिसलं. ते वंगण आहे का सूज, हे मी त्यांना पुन्हा समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, संपलं.

गुरुवारी पुन्हा जालना. कंपाउंडरनं काचेची सिरिंज उकळून ठेवली होती. डॉक्टरांनी सासूबाईंना टेबलावर निजवलं, लुगडं गुडघ्याच्या वर सरकवलं आणि थांबले. गुडघ्याभोवती ताजे फोड. काही फुटलेले, काही टपोरे, गुडघ्याला माळ घातल्यासारखे.

"आजी, हे काय?"

"बिब्बा," सासूबाई समाधानानं म्हणाल्या. "काल लावला. पानी खोल असंल तं तुम्हाला हुडकायला लागंल. बिब्ब्यानं वर वढून आनलं. आता सुईला बराबर सापडंल."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी सासूबाईंकडं. त्या छताकडं पाहत होत्या, काम चोख केल्यासारख्या.

"कोणी लावला?" मी विचारलं.

"शेजारनीनं. तिचा हात हलका हाय."

डॉक्टर हसले नाहीत. सिरिंज त्यांनी खाली ठेवली. म्हणाले, "अशा कातडीतून सुई घातली तर वरची घाण आत जाईल. सांधा पिकला तर पायावर उभं राहणं मुश्किल होईल. कातडी पूर्ण भरून आल्याशिवाय मी हात लावणार नाही."

तेव्हा सासूबाई उठून बसल्या. "डाक्टरसाहेब, पौर्णिमेला मला बसायचंय."

पौर्णिमेआधी डॉक्टरांचे दोनच गुरुवार उरले होते. परतीच्या एसटीत सासूबाई खिडकीकडं तोंड करून बसल्या. रागवायचं माझ्या मनात होतं, पण आपलं काय जाणार आहे ते त्यांना पुरतं कळलेलं दिसत होतं. मग मी रागवायचं सोडून घरी गेल्यावर काय काय लागेल त्याची जुळवाजुळव मनात केली.

रोज शाळेत जाण्याआधी मी उकळून गार केलेल्या पाण्यानं फोड धुवायचे, दवाखान्यातलं मलम लावायचे आणि धुतलेल्या जुन्या धोतराची पट्टी बांधायचे. शेजारीण दारातून बघायची, आत यायची नाही. शेवटी मीच म्हटलं, "मावशी, या. पट्टी धरा. पण हाताला काही लावून येऊ नका."

"बिलकुल न्हाई," ती म्हणाली, आणि दोन्ही तळवे उलटेसुलटे करून दाखवले.

डॉक्टरांनी सांगितलेला व्यायामही चालू होता. गुडघ्याखाली पंच्याची गुंडाळी ठेवायची, पाय ताठ करून ती दाबायची, मनात आकडे मोजायचे, सोडायची. सासूबाईंना आकडे मोजण्यात रस नव्हता. त्या वंदनेची एक ओळ म्हणत आणि ओळ संपली की पाय सोडत. असं करत वंदना रोज कितीतरी वेळा होऊ लागली.

पहिल्या गुरुवारी डॉक्टरांनी लांबूनच मान हलवली. जखमा ओल्या होत्या. दुसऱ्या गुरुवारी त्यांनी गुडघा दिव्याखाली घेतला, बोटानं दाबत सगळीकडून पाहिला. खपल्या पडून गेल्या होत्या, खाली गुलाबी कातडी आली होती.

"चला, देऊ," ते म्हणाले. "पण डागांपासून लांब, बाहेरच्या बाजूनं."

आधी बधिर करायची बारीक सुई, मग जाड. सिरिंजमध्ये पाणी चढत गेलं, पिवळं, करडईच्या तेलासारखं. सासूबाई मान वर करून बघत होत्या.

"हे तर तेलच हाय की," त्या म्हणाल्या. "ती म्हनत व्हती ते खरं व्हतं म्हना."

"आजी, पडून राहा."

सिरिंज काढून दुसरी लावली, सुई तीच. औषध दुधासारखं पांढरं होतं. ते आत गेलं, कापसाचा बोळा दाबला, चिकटपट्टी लागली, झालं. बसनं जायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्माही ह्याला लागला नाही.

"दोन दिवस पायाला आराम," डॉक्टर म्हणाले. "बरं वाटलं म्हणून शेतात पळायचं नाही. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही."

"गुडघे टेकायचे?"

"नाही."

"पौर्णिमा वर्सातून एकदाच येती, डाक्टरसाहेब."

"पौर्णिमा दर महिन्याला येते, आजी."

"ती वैशाखाची न्हाई."

डॉक्टर माझ्याकडं वळले. मी म्हटलं, "खाली जाड गोधडी घालीन. एकदाच टेकतील, प्रणामही एकच. उठताना मी धरीन."

"एकदा," ते म्हणाले. "आणि पायावर बसायचं नाही. कंबर ताठ."

"एकदा," सासूबाईंनी लगेच कबूल केलं. सौदा इतक्या जल्दी पटलेला पाहून मला शंका आली.

पौर्णिमेला सकाळी पांढरं लुगडं नेसून त्या विहारापर्यंत चालत गेल्या. काठी घेतली होती, पण टेकत नव्हत्या. मी चौपदरी गोधडी घालून ठेवली होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, डावा गुडघा टेकला, मग उजवा, हळूच, चुलीवरचं भांडं खाली ठेवावं तसा. चेहऱ्याकडं मी बारीक पाहत होते. कपाळावर आठी आली नाही.

वंदना सुरू झाली. रोजच्या सरावानं आवाज खणखणीत लागला होता, मागच्या बायकांना गाठायला धावावं लागत होतं. पहिल्या प्रणामाला त्या वाकल्या, कपाळ टेकलं, हातावर भार देऊन वर आल्या. दुसऱ्या प्रणामाला मी त्यांच्याकडं डोळे वटारले. त्या कंबर ताठ ठेवून, नुसते हात जोडून राहिल्या. तिसऱ्यालाही तसंच. शब्द पाळला.

सगळं झाल्यावर त्यांनी माझ्याकडं हात पुढं केला. "झाली हजेरी, मास्तरीनबाई. उठवा आता."

बाहेर खीर वाटायला सुरुवात झाली होती. शेजारीण वाटी घेऊन आमच्या शेजारी सरकली. खीर ढवळत हळूच म्हणाली, "माझाबी डावा गुडघा रातच्याला लई ठनकून राह्यला. तुझ्या त्या डाक्टरचा वार बेस्तवारच ना?"

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली, चार बायकांच्या देखत वाकून मैत्रिणीच्या लुगड्याचा काठ धरला आणि म्हणाल्या, "आधी गुडघा दाखव."