पोत्यातले पाय

एटापल्लीच्या लाकूड आगारातले एक कारकून शिकारीला बसताना बंदुकीआधी पाय सांभाळत. पौषातल्या पहाटे धानाचं तणस म्हणजे पेंढा भरलेल्या पोत्यात दोन्ही पाय घालून ते गुडघ्याशी दोरी आवळत. "पाय थंडे पडले का माहा नेम हालते," असं ते मला गंभीरपणे सांगत.

त्या दिवशी हाकेकऱ्यांनी रानडुक्कर थेट त्यांच्यासमोर आणलं. त्यानं एका शेतकऱ्याचं रचून ठेवलेलं अर्धं धान खाल्लं होतं. डुक्कर अचानक डावीकडे वळलं. कारकूनही वळले, पाय वळले नाहीत. गोळी आभाळात गेली आणि ते आडवे झाले.

तो शेतकरी धावत आला. "लागलं का भाऊ?"

"नाई. पाय गरम हायेत."

त्यानं दोरी सोडली. "उद्या नुसती बंदूक आणा भाऊ. पाय घरीच ठेवा."