कशेळे ते मस्कत, सव्वा तास

कशेळ्याच्या नाक्यावरून जीप भरल्याशिवाय सुटत नाही. माझे बाबा वीस वर्षं कशेळे-कर्जत जीप चालवतात. शेवटची सीट भरेपर्यंत त्यांनी कधी किल्ली फिरवली नाही. पण मी नर्सच्या नोकरीला मस्कतला निघाले त्या पहाटे त्यांनी गाडी रिकामीच काढली. आत आई, बाबा आणि मी, तिघंच. हात दाखवणाऱ्या प्रत्येकाला ते ओरडून सांगत होते, "आज थेट विमानतळ! पोरगी चाललीय!"

खरं तर आई मला सोडायलाच तयार नव्हती. समुद्रापलीकडं आजारी पडलीस तर कोण, हेच तिचं पालुपद. बाबांनी तिला पटवलं ते तिकीट वाचून. सुटणार दहाला, पोचणार सव्वाअकराला. "अगं, सवा तास! पुणं लांब हाय त्याच्यापरीस!"

मस्कतचं घड्याळ आपल्या दीड तास मागं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. जीपवाल्याला सुटायची वेळ आणि पोचायची वेळ, बस्स. मला ठाऊक होतं, खरे पावणेतीन तास. पण आईचा चेहरा असा खुलला होता की मी मूग गिळून गप्प बसले.

सात वर्षं गप्पच राहिले. वॉर्डात आता मी 'यल्ला, यल्ला', म्हणजे 'चला, चला', म्हणत धावते, मल्याळी मैत्रिणींशी हिंदीत भांडते, आणि दर शुक्रवारी फोनवर आई म्हणते, "सवा तासावर तर हायस." तुमच्यापैकी लांब गेलेल्यांनीही मागच्यांना असंच काहीतरी खोटं सांगितलं असेल. मला तरी ते फार जड गेलं.

आणि परवा ते दोघं आले! पहिलं विमान! आनंद एवढा, आणि धाकधूकही तेवढीच: आता विमानात बसल्यावर आईला कळणार.

मस्कत विमानतळावरचं बाहेर यायचं दार उघडलं. बाबा मनगटावरचं घड्याळ ठोकत आले. "बिघडलं का गं हे? उतरलो तवाच पावणेएक दाखवत हुतं!" मागून आई, नवी साडी, हातात तांदळाच्या पापड्यांची पिशवी. मी तिला मिठी मारली आणि तिथंच रडत म्हटलं, "आई, सव्वा तास नव्हता गं."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "तू गेलीस त्या दिशी पोचल्याचा फोन आला, तवर तुला सोडून परतलेल्या तुझ्या बाबाच्या कर्जतच्या दोन फेऱ्या झालेल्या. मी काय येडी हाय? पण म्हटलं, आईला जवळ वाटतंय या भरवशावर पोर टिकतेय तिकडं, तर टिकू दे."

बाबांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं. मग आम्ही तिघंही एवढ्या मोठ्यानं हसलो की पोलिसानं वळून पाहिलं.

घर मला कशेळ्यात सापडायचं, मग कुठंच सापडेना. परवा ते माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर पापड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलं होतं.

"तुझी खोली किती लांब हाय?" आईनं विचारलं.

"अर्धा तास."

"खरा अर्धा, का तुझ्या बाबाचा?"