आबांचा मेन स्विच

घर रिकामं होणार असलं की आमचे आबा मेन स्विच पाडल्याशिवाय चप्पल घालत नाहीत. मग कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची का असेना. फ्रिजमधलं दूध कितीदा नासलं, आई कितीदा बोलली. पालथ्या घड्यावर पाणी.

मी जळगावात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. त्या रविवारी नशिराबादला मामांच्या मळ्यात भरताची पार्टी होती. निघताना मी कॉम्प्युटरवर लिनक्स या सिस्टिमचं अपडेट लावलं आणि वांग्यांच्या ओढीने रिक्षात जाऊन बसलो. आबा नेहमीप्रमाणे सगळ्यांत शेवटी आले.

सोमवारी आमचा प्रोग्राम चालता चालता अडायला लागला. असा प्रोग्राम एकाच वेळी अनेक कामं करतो, त्या कामांना थ्रेड म्हणतात. कोणता थ्रेड अडलाय ते डीबगरमध्ये, म्हणजे चुका शोधायच्या प्रोग्राममध्ये, बघायचं, की निम्मं काम झालं. पण डीबगर म्हणे, थ्रेडच सापडत नाहीत. साहेब फोनवर शांतपणे म्हणाले, "संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर पुढच्या महिन्यापासून इकडे ऑफिसात बसा." म्हातारे आईबाप सोडून मला कुठेही जायचं नव्हतं.

मी डीबगर काढून पुन्हा टाकला, त्याचा उद्धार केला. आबा सारखे दारात.

"सापडनं का?"

"नाही आबा."

"कपाटना मांगे देखं का?"

शेवटी दोन लायब्रऱ्यांच्या, म्हणजे प्रोग्राम ज्यावर चालतात त्या तयार कोडच्या, आवृत्त्या ताडून पाहिल्या. मूळ लायब्ररी नवी, आणि डीबगरला थ्रेड दाखवणारी तिची जोडीदार जुनीच. अपडेट अर्ध्यात तुटलं होतं. का तुटलं, हे कळायला इंजिनियर लागत नव्हता.

"आबा, काल मेन बंद केला होता?"

"घर बंद, तं लाइट बी बंद."

अपडेट पुरं केलं, थ्रेड दिसले, तिन्हीसांजेला चूकही सापडली. साहेब नुसतं "बरं" म्हणाले. चहा घेताना मी आबांना सुनावलंच, "तुमच्या त्या स्विचपायी आज माझं पुण्याला जायचं ठरलं असतं." आबांच्या बशीतला चहा तसाच निवला.

पुढच्या रविवारी धुळ्याला आत्याकडे निघालो. आबा शेवटी आले, कुलूप लावलं, स्टँडवर जाणाऱ्या रिक्षात बसले. खिडकीतून ट्यूबलाइट दिसत होती.

"आबा, लाइट चालू राहिला."

"ऱ्हाऊ दे. तुनं मशीन चालू शे ना?"

मशीन मी बंद करून आलो होतो. पण तसं सांगवलं नाही.